मालागाला लेकीकडे हिवाळाभर जावं, की कायमचंच? अनुभवी लोकांनी सांगा

निवांतराव

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी ६३, बँकेतून रिटायर. सौ. ६०, शाळेत गणित शिकवायची, तीही आता घरी. मुक्काम पोस्ट सिंहगड रोड. मुलगी दोन वर्षं झाली स्पेनमध्ये मालागाला आयटीत आहे, एकटीच राहते, तेआतीनोस म्हणून भाग आहे तिकडे. आता ती मागेच लागलीये की बाबा त्या ट्रॅफिकमध्ये आणि धुळीत काय ठेवलंय, इथे वर्षातले तीनशे दिवस ऊन असतं, समुद्र आहे, चालायला रुंद फूटपाथ आहेत, फ्लॅट विका आणि कायमचे या. जानेवारीत व्हिडिओ कॉल केला तर ही बया हाफ बाह्यांचा शर्ट घालून समुद्राकाठी कॉफी पीत बसलेली आणि आम्ही इकडे मफलर गुंडाळून.

सौ. म्हणते आधी तीन महिने राहून तर बघू. मी मात्र रोज रात्री एक्सेल उघडून बसतो, फ्लॅटचे किती येतील, त्याचे युरो किती होतील, पेन्शनमध्ये भागेल का वगैरे. पेन्शन ६० हजाराच्या आसपास आहे, बाकी एफडी आणि पीपीएफ. मला गुडघ्याचा त्रास आहे, बीपीची गोळी चालू आहे. सौ. पक्की शाकाहारी, अंडं पण नाही, संकष्टी आणि एकादशी करते. मी बाहेर गेलो की मासे खातो (घरात नाही, तो करार लग्नाच्या आधीपासूनचा आहे).

तर हिवाळ्यात खरंच तेवढं ऊन असतं का, व्हिसाचं काय करायचं, जेवणाचे हाल होतात का, आणि मुख्य म्हणजे दिवसभर पोरगी ऑफिसला गेली की आम्ही दोघांनी करायचं काय? यूट्यूबवाले फक्त समुद्र दाखवतात हो.

समुद्रपक्षी

काका, मी सहा वर्षं मालागात आहे, उएलिन भागात, म्हणजे समुद्राला लागूनच. तुमच्या लेकीने सांगितलेलं काही खोटं नाही पण तिने अर्धंच सांगितलंय, कारण तिशीच्या आतल्या माणसाला उरलेलं अर्धं दिसतच नाही.

ऊन असतं. जानेवारीत दुपारी १७ डिग्रीच्या आसपास, वारा नसेल तर बाकावर बसून संत्रं सोलून खावं असं ऊन. पण ते बाहेर असतं. घरात नसतं!! इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी संगमरवरी किंवा टाईल्सची, भिंती गार, सेंट्रल हीटिंग बहुतेक जुन्या बिल्डिंगमध्ये नाहीच. रात्री बाहेर सात-आठ डिग्री झाले की सकाळी घरात १४-१५, आणि समुद्राची ओल अशी की वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस दमटच. मी पहिल्या हिवाळ्यात स्वेटर घालून झोपायचे आणि दुपारी गरम व्हायला म्हणून बाहेर जायचे, पुण्याच्या बरोब्बर उलटं. शेजारच्या आजींकडे गोल टेबल आहे, त्यावर जमिनीपर्यंत जाड कापड आणि खाली छोटा इलेक्ट्रिक शेगडीसारखा हीटर, सगळे त्या कापडात पाय घालून बसतात आणि टीव्ही बघतात. मला सुरुवातीला गंमत वाटली, आता माझ्याकडेही तेच टेबल आहे. तुमच्या गुडघ्यांसाठी एक सांगते, लोकरीचे मोजे आणि घरात घालायच्या जाड सपाता पहिल्या दिवशी विकत घ्या, फरशी अक्षरशः पायातून वर चढते.

पाऊस पण याच महिन्यांत पडतो. रोज नाही, पण पडला की धोधो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर रेड अलर्ट होता, शाळा बंद, रस्त्यावर पाणी. आणि अजून एक, सकाळ फार उशिरा होते. मालागा आहे ग्रीनिचच्याही पश्चिमेला पण घड्याळ जर्मनीचं लावलंय, १९४० पासून तसंच आहे, त्यामुळे जानेवारीत सूर्य साडेआठला उगवतो. पाच वाजता उठणाऱ्या माणसाला साडेतीन तास अंधारात काढावे लागतात. पप्पा आले होते तेव्हा ते अंघोळ, पूजा, चहा सगळं उरकून खिडकीशी उभे राहायचे आणि विचारायचे, "अगं, इथे आज सूर्य येणारे ना?"

तेआतीनोस हा युनिव्हर्सिटीचा भाग, सपाट, मोकळा, पोरांनी भरलेला, पण समुद्र तिथून चालत जाण्याइतका जवळ नाही. मेट्रो आहे, २०२३ पासून थेट आतारासानासपर्यंत म्हणजे जुन्या गावाच्या तोंडाशी येते. ही सोय तुमच्यासाठी सोन्यासारखी. आतारासानास हा लोखंडी मंडईचा हॉल आहे, आपल्या महात्मा फुले मंडईची आठवण येईल असा, मागच्या बाजूला मोठी रंगीत काचेची खिडकी. तिथे मोरोक्कन लोकांच्या गाळ्यावर कोथिंबीर आणि तिखट हिरव्या मिरच्या मिळतात, काकूंना आधी तिकडे न्या, पिकासोचं घर नंतर बघता येईल.

जेवणाचं नंतर लिहिते, ऑफिसची मीटिंग आहे.

आकडेमोड

निवांतराव, फ्लॅट विकायचं एक्सेल बंद करा आणि आधी हे वाचा.

पहिला प्रकार, साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा पाहुण्यांचा व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात, त्यामुळे १ डिसेंबरला उतरलात तर २८ फेब्रुवारी हा नव्वदावा दिवस झाला, १ मार्चचं तिकीट काढलंत तर ओव्हरस्टे. लोक "तीन महिने" म्हणून तारखा टाकतात आणि तिथेच गंडतात. शिवाय मागितले ९० म्हणजे ९० मिळतातच असं नाही, पासपोर्ट हातात आला की स्टिकरवर किती दिवस लिहिलेत ते आधी बघा, मग बाकीचं सेलिब्रेशन. फी ९० युरो प्रत्येकी, ३० हजार युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. लेकीकडे राहणार असाल तर तिला तिथल्या पोलीस कचेरीतून निमंत्रणपत्र काढावं लागेल, साधं ईमेल करून "माय पेरेंट्स आर कमिंग" चालत नाही. त्याची अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून तिला आत्ताच कामाला लावा.

दुसरा प्रकार, कायमचं राहायचा. त्याला नॉन लुक्रेटिव्ह म्हणतात, म्हणजे तिथे राहा, पण कमवायचं नाही. यात इप्रेम नावाचा एक सरकारी आकडा असतो. नावात प्रेम असलं तरी आकडा कोरडा आहे. महिना ६०० युरो, २०२३ पासून. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट उत्पन्न किंवा शिल्लक दाखवायची, सोबतच्या प्रत्येक माणसाला अजून एकपट. म्हणजे तुम्ही २४०० आणि वहिनी ६००, महिना ३००० युरो, वर्षाला ३६ हजार. युरोचे हिशोबाला शंभर रुपये धरले तर ३६ लाख. तुमची पेन्शन वर्षाला सात-सव्वासात लाख, तर उरलेलं शिल्लक रकमेतून दाखवावं लागणार. पहिला व्हिसा एका वर्षाचा, मग नूतनीकरण दोन वर्षांचं, आणि तेव्हा दोन वर्षांचे पैसे एकत्र दाखवायचे. पाच वर्षं झाली की दीर्घ मुदतीचं कार्ड. अर्ज करायच्या आधी त्या वर्षीचा ताजा आकडा बघून घ्या.

घर विकत घेतलं की व्हिसा मिळतो, हे कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं. पाच लाख युरोंचं घर घेऊन मिळायचा तो गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. एजंट अजून जुनेच व्हिडिओ फिरवतायत.

तिसरा, लेकीच्या जिवावर. साध्या परमिटवर असेल तर आई-बाबांना बोलवायला तिच्याकडे आधी दीर्घ मुदतीचं कार्ड हवं आणि तुम्ही ६५ च्या पुढचे, तिच्यावर अवलंबून असे हवेत. ती हायली क्वालिफाइड परमिटवर असेल तर नियम थोडे सैल आहेत पण "अवलंबून" हा शब्द तिथेही आहे. स्वतःची पेन्शन आणि पुण्यात फ्लॅट असलेल्या माणसाने मी मुलीवर अवलंबून आहे हे सिद्ध करायचं म्हणजे अवघडच.

टॅक्स: वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तिथले टॅक्स रेसिडेंट, मग जगभरचं उत्पन्न तिथे दाखवायचं. आपल्याकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज त्यांच्या लेखी करमुक्त नाही. भारतातल्या ठेवी ५० हजार युरोंच्या वर असतील तर त्याचा वेगळा फॉर्म असतो, मोदेलो ७२०, ३१ मार्चच्या आत. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळायचा करार आहे पण तो समजून सांगायला दोन्हीकडचा सीए लागतो, व्हॉट्सॅप ग्रुपवरचा भाऊजी नाही.

दवाखाना: पहिल्या वर्षी खाजगी विमाच काढावा लागतो. एक वर्ष सलग रीतसर राहिलात की पैसे भरून सरकारी दवाखान्यात शिरता येतं, ६५ च्या आतल्यांना महिना ६० युरो, ६५ च्या पुढे १५७. औषधांचे पैसे त्यात नाहीत. खाजगी विमा कंपन्या बीपी-शुगर बघून नाकं मुरडतात आणि सत्तरीच्या पुढे नवीन पॉलिसी मिळणं कठीणच. म्हणजे जायचं तर ६३ ला, ७३ ला नाही. पण घाईत घर विकून पण नाही.

मालवणी_खलाशी

आकडेमोड भाऊंनी माणसाला घाबरवूनच सोडलं 😄 काका, मी बोटीवर होतो, मालागा बंदरात कितीदा लागलोय, आणि रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन एक अख्खा फेब्रुवारी फुएन्हिरोलाला काढला. मालागाहून लोकल ट्रेन आहे, दर वीस मिनिटांनी, एअरपोर्ट, तोरेमोलिनोस, बेनालमादेना करत पाऊण तासात फुएन्हिरोला. मुंबई लोकलची सवय असलेल्या माणसाला त्या गाडीत बसायला जागा मिळाली की चुकून फर्स्ट क्लासमध्ये चढलो का असं वाटतं.

माशांचं सांगतो, ते कोणी लिहिणार नाही. मालागाच्या माणसाला बाकीचे स्पॅनिश लोक बोकेरोन म्हणतात, बोकेरोन म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण. पिठात घोळवून अख्खीच्या अख्खी तळतात, डोक्यासकट. तिखट नाही, हळद नाही, नुसतं मीठ आणि लिंबू. पहिल्या घासाला वाटलं ह्यांनी मसाला लावायचा विसरलाय, तिसऱ्या दिवशी मीच बायकोला म्हटलं मसाल्याने मासा झाकला जातो गं (तिने अजून माफ केलेलं नाही). दुसरा एस्पेतो. समुद्राकाठी जुनी होडी वाळूने भरून ठेवतात, त्यात जाळ करतात आणि वेताच्या काडीला पाच-सहा तारल्या टोचून ती काडी जाळाच्या बाजूला वाऱ्याची दिशा बघून तिरकी रोवतात. मासा जाळावर नाही, जाळाच्या शेजारी भाजतो, चरबी वाळूत गळते, धूर अंगाला लागत नाही. तो भाजणारा माणूस तासनतास उभा, मध्येच एक काडी दोन बोटांनी फिरवतो, बास. पेद्रेगालेखो म्हणून मालागातलाच समुद्राकाठचा भाग आहे, तिथे बसून खा. फक्त खरी मजा मे ते ऑगस्टमध्ये, तेव्हा तारली तेलकट असते, हिवाळ्यात तीच सुकी लागते. म्हणजे तुम्ही चुकीच्या सीझनला चाललाय.

समुद्रात पोहायचं डोक्यात असेल तर काढून टाका. नाव भूमध्य समुद्र पण जिब्राल्टर जवळ, अटलांटिकचं थंड पाणी तिथूनच आत शिरतं. फेब्रुवारीत १५ डिग्री. जर्मन आणि इंग्लिश म्हातारे त्यात उतरतात, आपण काठावर बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची.

समुद्रपक्षी

आले परत. काकूंच्या जेवणाचं.

इथे "मांस नको" म्हटलं की वेटरच्या डोक्यात मांस म्हणजे बैल आणि डुक्कर एवढंच. हॅम हे त्यांच्या लेखी मीठ-मिरीसारखं काहीतरी आहे आणि ट्यूना तर भाजीच. मी आईला पहिल्याच दिवशी एका हॉटेलात मिक्स सॅलड मागवून दिलं, वर आख्खा ट्यूनाचा डबा पालथा केलेला! आईने काटा खाली ठेवला आणि नंतर चार दिवस बाहेर पाणी सुद्धा प्यायली नाही. म्हणून हे वाक्य पाठ करून घ्या: सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, सिन उएवो. मांस, हॅम, ट्यूना, अंडं, चारही वेगवेगळं नाव घेऊन नाही म्हणायचं.

पण एक पदार्थ आहे ज्यासाठी मी काकूंना स्वतः घेऊन जाईन. वांग्याची कापं पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून काकवी घालतात. हो, उसाची काकवी! इथून तासाभरावर फ्रिखिलियाना नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे, तिथे काकवीचा कारखाना आहे, युरोपातला उरलेला शेवटचा. या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होता. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा कोल्हापूरची आजी आठवून डोळ्यात पाणी आलं, वेटरला वाटलं वांगं जास्त गरम होतं. (पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, विचारून घ्या.) दुसरं आखोब्लांको, बदाम, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल वाटून केलेलं गार सार, वर द्राक्षं. लसूण चालत असेल तर उत्तम. आणि डिसेंबरात बाजारात चिरिमोया बघाल, हिरवं, सीताफळाचा सख्खा भाऊ, आत तसाच गर आणि काळ्या बिया, पण गर जास्त सलग. आंबे पण पिकतात इथे, वेलेस-मालागाच्या बाजूला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. हापूसशी तुलना करू नका, शांतपणे खा.

कॉफीची सवय असेल तर मालागाची एक गंमत. नुसतं कॉफी म्हणायचं नाही, दूध किती आणि कॉफी किती यावर प्रत्येकाला वेगळं नाव आहे. मिताद म्हणजे अर्धी अर्धी, सोंब्रा म्हणजे सावली, कॉफी कमी, आणि नुबे म्हणजे ढग, ग्लासभर दुधात कॉफीचा नुसता थेंब. सौम्य आवडत असेल तर नुबे मागा. चहा मागू नका, कोमट पाण्यात पुडी बुडवून देतात.

व्हिसाबद्दल आकडेमोड यांनी लिहिलंय तेच बरोबर. फक्त घरांचं एक सांगते, भाडी इतकी वाढलीत की इथलेच लोक गावाबाहेर ढकलले गेलेत, जून २०२४ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते टुरिस्ट फ्लॅट्सच्या विरोधात. आपण पैसे घेऊन येणारे पाहुणे, हे इथल्या शेजाऱ्याला प्रत्येक वेळी गोड वाटेलच असं नाही. माझ्या बिल्डिंगमध्ये मी स्पॅनिश बोलायला लागले तेव्हा कुठे लोक लिफ्टमध्ये हसायला लागले. आणि यांचं स्पॅनिश पुस्तकातलं नाही बरं का, शब्दाच्या शेवटचा स गिळतात, ग्रासियास चं ग्रासिया. पुस्तकातलं मराठी शिकून सावंतवाडीच्या एसटीत बसल्यासारखं होतं.

कडूकारलं

मी थोडं वेगळं लिहितोय, राग मानू नका.

मी तोरेमोलिनोसला होतो तीन वर्षं. आई-बाबांना सांगलीहून बोलावलं, ९० दिवसांचा व्हिसा, ७० व्या दिवशी परत गेले. भांडण नाही, आजारपण नाही, काही नाही. बाबा सांगलीत रोज संध्याकाळी आमराईत जायचे, चार माणसं ठरलेली, राजकारणावर शिव्या घालून घरी यायचे. इथे बाकं होती, ऊन होतं, शेजारी त्यांच्याच वयाचे म्हातारे डॉमिनो खेळत बसायचे, हाका पण मारायचे, पण बोलणार काय? ओला म्हणून झालं की संपलं. आई निदान माझा स्वयंपाक, कपडे यात रमली. बाबा रोज अकराला सुपरमार्केटमध्ये जायचे आणि तासाभराने एक दुधाचा खोका घेऊन यायचे. एकदा मी सुट्टीच्या दिवशी मागून गेलो तर ते दुधाच्या रॅकसमोर उभे राहून एकेक खोका उचलून एक्स्पायरी डेट वाचत होते. अख्ख्या दुकानात त्यांना वाचता येईल असं तेवढंच होतं, आकडे. मी तसाच मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी तिकीट बदलून दिलं, दंड भरून.

काका तुमचा शेवटचा प्रश्न, दिवसभर काय करायचं, तो खरा प्रश्न आहे. मुलगी सात वाजता घरी येणार, दमलेली.

मालवणी_खलाशी

कारलं भाऊ, वाचून गप्प बसलो दोन मिनिटं.

पण डॉमिनोला बोलायला लागत नाही हो. मी त्या फेब्रुवारीत त्याच बाकांवर बसलो, तीन दिवस नुसता बघत, चौथ्या दिवशी एकाने सोंगट्या सरकवल्या माझ्यापुढे. हरलो की ते हसायचे, मी मालवणीत शिव्या द्यायचो, त्यांना अर्थ कळत नव्हता पण सूर कळत होता. स्वभावाचा भाग आहे.

समुद्रपक्षी

हो, आणि डिसेंबरात येणार असाल तर करायला काही ना काही असतं. २८ डिसेंबरला मालागाच्या वेशीवर वेर्दियालेस होतात, डोंगरातल्या गावांच्या टोळ्या येतात, डोक्यावर फुलं, आरसे आणि रंगीत रिबिनी लावलेल्या टोप्या, व्हायोलिन, डफ, झांजा, आणि एकमेकांसमोर उभं राहून वाजवतात. सरळ आपली कोकणातली डबलबारी! ५ जानेवारीला तीन राजांची मिरवणूक, रथावरून चॉकलेटं गोळ्या फेकतात, म्हाताऱ्या बायका छत्री उलटी धरून गोळा करतात, खोटं नाही सांगत. रविवारी दुपारी दोननंतर आल्काथाबा किल्ला फुकट, पण काका चढ आहे आणि दगड गुळगुळीत, गुडघ्यांसाठी खालचं रोमन थिएटर बघा, तेही फुकट आणि बसायला पायऱ्या दोन हजार वर्षं जुन्या. जानेवारीअखेर मागच्या डोंगरात बदामाची झाडं फुलतात.

आणि बेनालमादेनाला ३३ मीटर उंच बौद्ध स्तूप आहे, २००३ मधला. आत शांत बसता येतं, खाली समुद्र दिसतो. पप्पा तिथे तीनदा गेले. दिवस भरायला एवढं पुरतं का, ते मी सांगू शकत नाही. तीन महिन्यांना पुरतं.

निवांतराव

मी सौ. लिहितेय, ह्यांच्या आयडीवरून. हे झोपलेत, लॅपटॉप उघडाच होता.

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, आभार. ते दुधाच्या खोक्यांचं वाचून मी ह्यांना उठवणार होते पण राहू दिलं. आमच्या ह्यांचंही तसंच होईल असं मला वाटतं, दाखवत नाहीत पण रोज सकाळी कट्ट्यावर गेल्याशिवाय चहा उतरत नाही त्यांना. मला उलट काही वाटत नाही, मी ३१ वर्षं वर्गात साठ पोरांपुढे बोलले, आता कुणी बोललं नाही तरी चालेल.

माझे प्रश्न साधे आहेत. कुकर न्यावा का? साबुदाणा मिळतो का? संकष्टीला चंद्र किती वाजता उगवतो तिथे? आणि घरचं साजूक तूप, दोन बरण्या, लेकीसाठी नेता येईल का?

समुद्रपक्षी

काकू!! 🙏

तूप नाही. पेढे, खवा, चक्का काहीच नाही, युरोपात बाहेरून येताना प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, पकडलं तर तिथेच कचऱ्यात. इथे बिनमिठाचं लोणी चांगलं मिळतं, तूप इथेच कढवा, लेकीच्या घराला वास पण येईल. कढीपत्ता पण नाही, ताज्या पाल्याला सर्टिफिकेट लागतं. पण नारळ चालतो! अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ ह्या पाचांना सूट आहे. साबुदाणा चिनी दुकानात टॅपिओकाचे मोती म्हणून मिळतो पण तो फुगून रबर होतो, खिचडीला आपलाच आणा. पोहे पण आणा. मसूर डाळ आणि काबुली चणे सगळीकडे, तूरडाळीला भारतीय दुकान गाठावं लागेल.

कुकर आणा पण खाली इंडक्शनचा तळ आहे का बघा, इथे बऱ्याच घरात गॅस नसतो, काचेची शेगडी असते. आणि महत्त्वाचं, घराला विजेचा लोड ठरवून घेतलेला असतो आणि तो थोडाच असतो. शेगडीवर कुकर, गीझर आणि हीटर तिन्ही एकदम लावलं की फट् करून मेन पडतो आणि सगळं घर अंधारात. लेकीला विचारा मेन स्विच कुठे आहे, सहसा दाराच्या मागे असतो, तो वर करायचा.

चंद्र डिसेंबर-जानेवारीत साधारण पुण्यासारखाच, रात्री जेवायच्या वेळेला. उन्हाळ्यात मात्र आलात तर मध्यरात्रीच्या आसपास, कारण सूर्यच साडेनऊच्या पुढे मावळतो. हिवाळ्यातच या.

आकडेमोड

वहिनी, चंद्राची वेळ मालागाच्या पंचांगाने बघा, पुण्याच्या ॲपवर लोकेशन बदलता येतं. बाकी १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी, लक्षात आहे ना.

निवांतराव

सकाळी उठून बघतो तर माझ्या आयडीवरून पंचाईत झालेली. असो. एक्सेल डिलीट नाही केलं पण दुसरी शीट उघडलीये, नाव "९० दिवस". लेकीला पोलीस कचेरीची अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलंय, ती म्हणाली एवढ्याशा गोष्टीला पोलीस कशाला. डॉमिनो मला येत नाही, कट्ट्यावरच्या जोशांकडे सेट आहे तो आज संध्याकाळी आणतोय.

सौ. ने सामानाच्या यादीत चौदा नारळ लिहिलेत. सोललेले धरले तरी एकाचं वजन किती पडतं, कुणी सांगेल का?